नोंदीबाहेरचे गाणे

मराठी संगीतकार जोडी जगाच्या चार्टवर कधी झळकणार, हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी उकरून काढतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा अजय-अतुल असतात आणि त्याला मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात. एक म्हणतो, आपल्याला स्वतःला विकता येत नाही. दुसरा म्हणतो, संगीताला भाषा नसते, आज ना उद्या जग आपल्याकडे वळेलच. पहिले उत्तर अर्धवट आहे आणि दुसरे साफ चूक. चार्ट लोकप्रियता मोजतो हे खरे, पण ती मोजणाऱ्याने आधी आखून घेतलेल्या हद्दीतली लोकप्रियता असते. हद्द आखली की काही माणसे आत पडतात, काही बाहेर, आणि बाहेर पडलेल्यांचे गाणे कितीही मोठ्याने वाजले तरी कागदावर उमटत नाही. बेळगाव-निपाणीच्या सीमापट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. म्हणूनच या प्रश्नाकडे मुंबई-पुण्यापेक्षा इथून पाहिले तर तो जास्त स्वच्छ दिसतो.

ही मोजणी सुरू कशी झाली ते आधी पाहू. ब्रिटनमधली पहिली यादी न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाने नोव्हेंबर 1952 मध्ये छापली. साप्ताहिकातल्या एका माणसाने सुमारे वीस रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून खप विचारला, झाली देशाची आवड पक्की. अमेरिकेतली हॉट हंड्रेड ऑगस्ट 1958 मध्ये आली. तिच्यात खपाबरोबर रेडिओवर गाणे किती वाजते तेही धरले जाई. आपल्याकडे 1952 मध्येच रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींच्या आवाजात हिंदी गाण्यांना पायऱ्या मिळाल्या. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना आवर घातला म्हणून ही मोजणी कोलंबोहून करावी लागली, आणि ते केसकर मराठी होते, ही त्यातली गंमत. पण गीतमालेच्या पायऱ्या हिंदीपुरत्याच होत्या. त्याच काळात शंकर-जयकिशन या जोडीची ‘आवारा’ची गाणी सोव्हिएत रशियात घरोघरी गेली. तिथे पाश्चात्त्य धर्तीचा चार्टच नव्हता, त्यामुळे भारतीय जोडीला मिळालेले बहुधा सर्वांत मोठे परदेशी यश कोणत्याही यादीत पहिल्या क्रमांकावर नाही. यश होते, यादी नव्हती.

यादी असली तरी तिचे नियम कोण ठरवतो हा प्रश्न उरतोच. सेव्हिलजवळच्या दोस हेर्मानास गावची लोस देल रिओ ही जोडी 1962 पासून गात होती. त्यांचे ‘माकारेना’ 1993 चे. ते 1996 मध्ये अमेरिकेत सलग 14 आठवडे पहिले राहिले तेव्हा दोघेही पन्नाशीला टेकले होते. वरवर पाहता ही गावाकडच्या दोन गायकांनी जग जिंकल्याची गोष्ट आहे. पण जे गाणे शिखरावर गेले ते मूळ गाणे नव्हते. मायामीच्या रीमिक्सकारांनी त्यात इंग्रजी कडवी घातली होती. वीस वर्षांनी ‘देस्पासितो’चे तेच झाले. लुइस फोन्सी आणि डॅडी यांकी यांचे स्पॅनिश गाणे हॉट हंड्रेडमध्ये चाळीस-पन्नासच्या दरम्यान घुटमळत होते. जस्टिन बीबरने इंग्रजी सुरुवात जोडली आणि ते थेट पहिल्या दहांत आले, पुढे 16 आठवडे पहिले राहिले. ‘गंगनम स्टाइल’ची कथा त्याहून बोलकी आहे. 2012 मध्ये यूट्यूबवर शंभर कोटींचा टप्पा सर्वांत आधी त्याने गाठला, पण अमेरिकेच्या यादीत ते सात आठवडे दुसऱ्याच क्रमांकावर अडकले, कारण यूट्यूबवरचे पाहणे तेव्हा हिशेबात नव्हते आणि रेडिओवाले कोरियन गाणे वाजवायला बिचकत होते. फेब्रुवारी 2013 मध्ये नियम बदलला. तोवर गाण्याची लाट ओसरली होती.

तेव्हा संगीताला भाषा नसते हे वाक्य ऐकायला गोड असले तरी पुराव्यापुढे टिकत नाही. ठेक्याला भाषा नसेल, पण ठेका विकणाऱ्या दुकानाला असते. आपल्याच कर्नाटक राज्यातला ताजा दाखला घ्या. बंगळुरूत स्थिरावलेला हनुमानकाइंड आणि निर्माता कल्मी या दोघांचे ‘बिग डॉग्ज’ 2024 मध्ये अमेरिकेच्या हॉट हंड्रेडमध्ये पहिल्या पंचविसांत गेले. त्याच्या व्हिडिओत ‘मौत का कुआँ’ आहे, तोच लाकडी फळ्यांचा, ज्याच्या कठड्यावर वाकून जत्रेतली पोरे मोटारसायकली बघतात. चित्र अगदी आपल्या यात्रेतले, शब्द इंग्रजी. त्यात कमीपणा मुळीच नाही, तो कलावंत ह्यूस्टनमध्ये वाढला आहे आणि इंग्रजी ही त्याच्या तोंडची भाषा आहे. पण चार्टच्या दारावर कोणता ऐवज तपासला जातो ते यावरून कळते. देखावा कुठलाही चालतो, बोली ठरावीकच.

आता अजय-अतुलकडे वळू. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदल्या, आणि बालपण पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगर, शिरूर, जुन्नर अशा गावांत. रीतसर संगीतशिक्षण नाही. ‘विश्वविनायक’ने नाव झाले, ‘अगं बाई अरेच्चा’ने चित्रपटाचे दार उघडले, ‘जत्रा’तल्या गाण्यातली कोंबडी पुढे ‘अग्निपथ’मध्ये हिंदी वेश घालून देशभर नाचली. पण सीमाभागाच्या दृष्टीने या जोडीचे सर्वांत महत्त्वाचे काम ‘जोगवा’ हे आहे. राजीव पाटील यांचा हा चित्रपट राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आणि चारुता सागर यांच्या कथेवर उभा आहे. म्हणजे गडहिंग्लजकडची माती, आणि तिच्या मागे बेळगाव जिल्ह्यातला सौंदत्तीच्या देवीचा डोंगर. या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही मिळाला. त्यातल्या भंडाराच्या गाण्याखाली जो नाद आहे तो स्टुडिओत जन्मलेला नाही. चौंडकं म्हणजे एका तोंडाला कातडे मढवलेले पोकळ लाकूड. कातड्यातून निघालेली तार मुठीत धरायची, वाद्य काखेत दाबायचे आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. मूठ आवळली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो, आणि त्या चढउतारात माणूस हुंदका देतो की हसतो हे कळेनासे होते. सौंदत्तीला येणारा भक्त कोल्हापूर-सांगलीकडून मराठी पदे म्हणत येतो आणि धारवाड-विजापूरकडून कानडी पदे म्हणत येतो. काखेतले वाद्य एकच. ‘जोगवा’चे संगीत मराठी पुरस्कारांच्या यादीत गेले हे योग्यच, पण त्याचे अर्धे आजोळ कर्नाटकात आहे हे आपण मोकळेपणाने म्हणत नाही.

‘सैराट’ने 2016 मध्ये ही जोडी आणखी वर नेली. फक्त चार गाणी, आणि त्यांच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. माझे स्पष्ट मत असे, की या ध्वनिमुद्रणाचा गवगवा जरा जास्तच झाला. परदेशी व्हायोलिनांनी ‘याड लागलं’ला जी उंची दिली ती खरी आहे, त्या गाण्यात पोरगा विहिरीकडे धावतो आणि तारवाद्ये त्याच्याआधी धावतात. पण महाराष्ट्र, बेळगाव, गुलबर्गा, पणजी, जिथे जिथे लोक उठून नाचले ते ‘झिंगाट’वर, आणि ‘झिंगाट’ची जान वरातीच्या ठेक्यात आहे. हॉलीवूडचा शिक्का जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आला. वरातीच्या ठेक्याचा शिक्का कुठे मारायचा ते जाहिरातदाराला माहीत नव्हते. नागराज मंजुळे यांचा चित्रपट जातीच्या उंबऱ्याबद्दल बोलतो आणि त्याच्या संगीताच्या कौतुकात मात्र उंबऱ्याबाहेर वाजणारी वाद्ये मागे पडतात, याचे तेव्हा कुणाला वावगे वाटले नाही.

हद्द ओलांडण्याची खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. 2017 मध्ये ‘सैराट’ कानडीत ‘मनसु मल्लिगे’ नावाने आला. दिग्दर्शन एस. नारायण यांचे, नायिका रिंकू राजगुरूच, आणि संगीतही अजय-अतुलचेच. कन्नड चित्रपटसृष्टीत परभाषेतले चित्रपट डब करण्याला अनेक दशके अलिखित बंदी होती. स्पर्धा आयोगाने 2015 मध्ये ती बेकायदा ठरवली तरी सवय मोडली नव्हती. त्यामुळे मराठी गाण्याला कर्नाटकात रीतसर शिरायचे तर नवे शब्द घालूनच शिरावे लागले. ‘मनसु मल्लिगे’ मूळ चित्रपटाइतका गाजला नाही हे मान्य. काही जण त्यावरून म्हणतील, बघा, चाल हद्द ओलांडत नाही. मला ते पटत नाही. सोलापूरच्या उन्हातली ती बोली काढून घेतली की चित्रपटाचा कणाच निघतो, आणि चित्रपट पडला तर गाण्यांना उभे राहायला जागा उरत नाही. चालीने मात्र कानडी शब्द सहज सोसले. का सोसू नयेत? 1843 मध्ये कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रचले. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुढे 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणताना कर्नाटकी चाली बिनदिक्कत घेतल्या. सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळीमठ कुमार गंधर्व झाले आणि मराठी माणसाने त्यांना आपलेच मानले. महाराष्ट्रात ज्याला अस्सल मराठी गाणे म्हणतात त्यातला बराचसा भाग या पट्ट्यातून वर गेलेला आहे. मग जगाकडे जायची वाट शोधताना आपण शेजाऱ्याचे अंगण वगळून थेट विमानतळ का गाठतो, हे मला कळत नाही.

आणि या पट्ट्यातला ऐकणारा? त्याचा हिशेब कुठल्या वहीत? निपाणी-चिकोडीच्या घरात एके काळी एकाच रेडिओवर सांगली केंद्र आणि धारवाड केंद्र दोन्ही लागत. आजही बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे, गणपतीच्या मिरवणुकीत, निपाणीच्या वरातीत बेंजो, झांजपथक आणि डॉल्बी यांच्यावर मराठी, कानडी, हिंदी गाणी एकामागून एक वाजतात आणि नाचणारा पाय भाषा विचारून थांबत नाही. हे सगळे ऐकणे मोजणीबाहेर आहे. बिलबोर्डने 2022 मध्ये भारताची यादी सुरू केली, ती पैसे देऊन वा जाहिराती सोसून मोबाइलवर ऐकणाऱ्यांची. डॉल्बीपुढच्या पाचशे माणसांसाठी एका पेन ड्राइव्हवरून वाजलेले गाणे तिथे शून्य धरले जाते. कानात इअरफोन घालून एकाने ऐकलेले गाणे एक धरले जाते. जिथे गाणे मुळात समूहाने ऐकायची चीज आहे तिथे ही पट्टी उलटी पडते. शेत कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, तसलाच हा प्रकार.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: कोल्ह्याला द्राक्षे आंबट. चार्टवर जाता येत नाही म्हणून चार्टच खोटा ठरवायचा. पण मी चार्टला खोटा म्हणत नाही, एकांगी म्हणतो, आणि तो बिनमहत्त्वाचा तर मुळीच नाही. यादीत नाव आले की मैफलींचे आमंत्रण येते, कंपनी पुढच्या कामाला पैसा लावते, लॉस एंजेलिसचा स्टुडिओ परवडतो. जे मोजले जाते त्याच्याकडे पैसा वाहतो. यादी नुसती शोभेची असती तर तिच्याबाहेर राहण्याचे दुःख करायचे कारण नव्हते. तिच्यामागे रोजीरोटी आहे म्हणूनच ती कशी बनते हे विचारायचे. 2012 च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला जो त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही. जावेद अख्तरांसारख्यांनी त्यासाठी जंग जंग पछाडले. मात्र या हक्कासाठी आधी कर्ता कोण ते दाखवता यावे लागते. सौंदत्तीच्या पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या घडलेल्या चालीला एकच कर्ता नाही, म्हणून कायद्याच्या लेखी तिला धनी नाही. ती कुणीही उचलावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकसंगीत उचलले नाही तर ते मरते, आणि ज्याने उचलून त्याचे सोने केले त्या संगीतकाराची कारागिरी कमी लेखू नये. हे मला बहुतांशी मान्य आहे. चौंडक्याचा नाद आणि ‘जोगवा’चे गाणे यांच्यामध्ये रचनाकाराची मोठी बुद्धी उभी आहे. सौंदत्तीला जाणाऱ्या लाखोंनी तो नाद ऐकला, त्यांतून गाणे दोघांनाच सुचले. शिवाय देवीला सोडलेल्या जोगतिणीच्या वाट्याला आलेले जिणे हे जपण्याजोगे वैभव नव्हे. कर्नाटकाने 1982 मध्ये देवदासी सोडण्यावर कायद्याने बंदी आणली ती योग्यच, आणि वाद्याच्या प्रेमापोटी प्रथेबद्दल हळवे होणे हा शुद्ध आचरटपणा ठरेल. पण प्रथा जावी आणि वाजवणारीचे नाव राहावे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. हलगीचेही तेच. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी, थंडीत कातडे जाळावर शेकून घेतलेले, साथीला घुमकं आणि कैताळ. हे वाजवणारी घरे बहुतेक मातंग समाजातली. त्यांचा ठेका सिनेमात गेला, ध्वनिमुद्रणात कधी त्यांचे हातही गेले, श्रेयनामावलीत मात्र बहुधा ‘ऱ्हिदम’ या एका शब्दात सगळे मावते. लॉस एंजेलिसच्या व्हायोलिनवाल्याला तिथली संघटना ठरलेले मानधन मिळवून देते. आपल्या हलगीवाल्याला वरात संपल्यावर सुपारीचे पैसे मिळाले तरी पुष्कळ.

तिसरा आक्षेप सीमाभागातलाच आहे, आणि तो दबक्या आवाजात येतो. इथे मराठीचा प्रश्न आधीच अंगावर घेतलेला. 1956 पासूनचा लढा, महाजन अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, वरून पाट्यांची सक्ती. अशा वेळी गाण्यातला कानडी वाटा मोजत बसणे म्हणजे आपलाच दावा सैल करणे नव्हे काय? मला उलट वाटते. भाषिक हक्काचा दावा लोक, गावे आणि शाळा यांवर उभा आहे. तो पेटीच्या सुरांवर उभा नाही. चौंडकं दोन भाषांत वाजते असे म्हटल्याने एकाही मराठी शाळेचा हक्क कमी होत नाही. मात्र ‘हे सगळे आमचेच’ असा हट्ट धरला, तर आपण चार्टवाल्यांनी केले तेच करतो: हद्द आधी आखतो आणि मग तिच्यात बसेल तेवढेच संगीत मोजतो. ज्यांना हद्दीचा जाच सर्वांत जास्त झाला त्यांनी तरी हा खेळ खेळू नये.

अमेरिकेतल्या यादीचे नियम आपल्या हातात नाहीत, आणि मराठी जोडी तिथे पोहोचलीच तर बहुधा इंग्रजी कडव्याचा टोल भरूनच पोहोचेल. मोजणीची आपली वही मात्र आपल्या हातात आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर इथले शेकडो बेंजो आणि झांजपथकवाले आता आपले व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. त्यांतल्या बहुतेकांत गावाचे नाव असते, मंडळाचे असते, डॉल्बीच्या मालकाचे आणि पुढाऱ्याचे तर असतेच असते. पुढच्या वेळी हलगी कोणी वाजवली, चौंडकं कोणाच्या काखेत होते, चाल कुठल्या गावची, हेही खाली लिहा, मराठीत आणि कानडीत. नवी गाणी बांधणाऱ्यांनी ती आपल्या नावावर रॉयल्टी संस्थेकडे नोंदवून घ्यावीत. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी वर्गणीच्या पावतीपुस्तकात वाजंत्र्यांच्या मानधनाचा रकाना आधी भरावा, मंडपाचा नंतर.